साडेतीन इंच माया

९ जानेवारी

प्रिय काचताई,

गेल्या दोन महिन्यांत या हातांनी तयार झालेल्या वस्तू, झाल्या त्या क्रमाने लिहितो.

शेगडीच्या बटणावर बसणारं पितळी टोपण, किल्लीचं. एका जुन्या पंपाच्या झडपेतून कातून काढलं. दादाला ते उघडत नाही. किल्ली हरवली की मलाही उघडत नाही. दोनदा हरवली, आणि दोन्ही वेळा आम्ही दोघा भावांनी पाव आणि केळी खाऊन दिवस काढला.

दाराची घंटा. दार दोन बोटं उघडलं की वाजते. पहिल्या दिवशी एकवीस वेळा वाजली आणि एकवीसही वेळा वारा होता. दादा खरोखर बाहेर गेला तेव्हा ती मी तेल घालायला काढून ठेवली होती.

बाथरूममध्ये धरायला एक इंची पाइपची दांडी. दीडशे किलो वजन पेलते. मी स्वतः लोंबकळून पाहिलं. भिंत पेलत नाही, हेही त्याच वेळी कळलं.

दादाच्या शिलाई मशीनच्या सुईपुढे पारदर्शक ढाल, चार स्क्रूंवर बसवलेली. खालून कापड सरकायला बरोबर चार मिलिमीटर जागा. कापड जातं, बोट जात नाही. हिच्याबद्दल मात्र मला काही विनोद सुचत नाही, कारण ती खरंच उत्तम झाली आहे.

आणि एक तराजू. दोन डब्यांची पितळी झाकणं, मधे सायकलच्या चाकाची तार, अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक. तो कशासाठी, ते यश आलं की सांगेन.

फोन न करता लिहितो आहे, कारण पंपदुरुस्तीच्या धंद्यात आवाजाने माझा डावा कान गेला आहे आणि उजव्या कानाशी दादा येऊन बसतो. त्याच्याबद्दल त्याच्यासमोर बोलायला जीभ वळत नाही.

तुला अर्धवट माहीत आहे, सगळं सांगतो. वहिनी गेल्यावर दादाने दुकान कसंबसं चालवलं. मग एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या लावल्या, तेव्हा मीच दुकानाला कुलूप घालून त्याला इथे माझ्या घरी आणलं. मशीन सोबत आणलं, नाहीतर तो आला नसता. नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म दाखवली आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या मेंदूत नको असलेलं प्रोटीन साचत चाललं आहे." वाक्य मी तिथेच पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. बाकी त्या बरंच बोलल्या, पण मला हवं ते मिळालं होतं.

अजून तो रोज सकाळी आठला गळ्यात टेप टाकून येतो आणि माझं माप घेतो. मी त्याचं नवं गिऱ्हाईक. छाती चाळीस, कंबर अडतीस. "पोट आत घेऊ नका," मला रोज ऐकवतो, "कापड फसत नाही."

तू बावीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या चकत्या कापून काचेवर बसवते आहेस. मला एवढंच सांग, ते साचलेलं दिसतं कसं? गाळासारखं की गंजासारखं? माझ्या कामाला त्याने फरक पडतो.

तुझा मावसभाऊ,
पाना


२० जानेवारी

प्रिय पाना,

तुझी यादी मी इथे मोठ्याने वाचून दाखवली. "भिंत पेलत नाही" ला आमच्या साहेबांच्या हातातला चहा सांडला. लहानपणी तुझ्या खिशात कायम पाना असायचा म्हणून हे नाव पडलं, आणि त्याच पान्याने तू आमच्या घराचा नळ "सुधारला" होतास, हेही सांगितलं. तेव्हा अंथरुणं वाळायला चार दिवस लागले होते.

तुझा प्रश्न. मेंदूचा तुकडा मेणात बसवून मी त्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतक्या पातळ चकत्या कापते. काचेवर घेऊन रंगवते. या आजारात दोन गोष्टी दिसतात. पेशींच्या बाहेर ठिपके, कापसाच्या बोळ्यांसारखे, कडेला विस्कटलेले. आणि पेशींच्या आत धागे, एकमेकांत गुरफटलेले. गाळ नाही आणि गंजही नाही. मला दर वेळी दादाच्या दुकानातली जमीन आठवते, संध्याकाळी झाडण्याआधीची. कापसाचे पुंजके आणि दोऱ्यांचा गुंता. बावीस वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता तू सांग. तराजू कशासाठी? तुझं "यश आलं की सांगेन" ऐकलं की मला ती ओली अंथरुणं आठवतात. दादा जेवतो नीट? झोप? वजन केलंस का कधी?

आणखी एक. आमच्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत अशा आजारी म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. तळमजल्यावर एक खोली रिकामी होते आहे, खिडकी पूर्वेला. मशीन आणू देतील, मी विचारलं. एकतीस मार्चपर्यंत माझ्या शब्दावर राखून ठेवतील. मी रोज जाता-येता डोकावेन. रागावू नकोस, नुसतं डोक्यात ठेव.

तुझी,
काचताई


४ फेब्रुवारी

प्रिय काचताई,

खोलीबद्दल आभार आणि नकार. आई-वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दादा पंचवीसचा. तेव्हा त्याला मला कुठेतरी ठेवता आलं असतं, पण त्याने ठेवलं नाही. शिवाय शेगडीला किल्ली, दाराला घंटा, सुईला ढाल अशी सोय तुझ्या त्या घरात आहे का, तेही विचारून ठेव. नसेल तर मी बसवून देईन, भिंती आधी तपासून.

गाळ नाही, गंज नाही, असं लिहिलंस. पण साचतं, हे तू नाकारलं नाहीस. मला तेवढं पुरे. टाकी कोणाचीही असो, आत नको ते साचायला लागलं की पहिलं काम एकच, वरचा नळ बंद करायचा. उपसा नंतर. शिकलेले लोक उपशाचं औषध शोधत बसले आहेत. वरच्या नळाकडे कोणाची नजर गेलेली दिसत नाही. माणूस कॉलेजात गेला नाही की त्याला असे फायदे होतात. मार्चअखेर तक्त्यासकट सगळं लिहीन. तोवर विचारू नकोस.

फरक दिसतो आहे, एवढं सांगतो. घंटेला मी मोजणीही जोडली आहे. डिसेंबरात दादा दिवसाला चाळीस वेळा दाराशी जायचा, आता सहा वेळा. दुपारी तीन-तीन तास झोपतो. जेवताना कटकट नाही. अर्धं ताट ठेवून गुपचूप उठतो.

दोन गोष्टी मात्र वाढल्या. एक म्हणजे चपला. "कोणीतरी माझ्या चपला बदलल्या, या चिमटतात," असं रोज म्हणतो. त्याच आहेत. मी तळाला खिळ्याने खूण करून ठेवली होती, ती दाखवली, तरी पटत नाही. असा संशय येतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. दुसरं, तो आपल्याच पॅन्ट उसवतो आणि परत शिवतो. आहेत तीन, तिन्ही काढतो. नाताळाच्या सुट्टीच्या सुमारास एकदा केलं, मग जानेवारीत, आता परवा पुन्हा. हाताला चाळा लागतो, अर्थ नसलेल्या त्याच त्या हालचाली होतात, हेही बाई म्हणाल्या होत्या. मी करू देतो. ढाल आहे, बोटाची चिंता नाही. फक्त कापडाची दया येते.

तुझा,
पाना


११ फेब्रुवारी

पाना,

तीनदा फोन केला, तू उचलत नाहीस. आज गप्पा नाहीत. चार गोष्टी विचारते. मला आकडे हवेत, तुझं मत नको.

कुठला नळ बंद केलास, आणि कधीपासून?

दादाच्या घोट्याजवळ अंगठा दाबून धर, दहा मोज, सोड. खड्डा राहतो का?

चपला त्याच आहेत, हे तू खुणेवरून सांगितलंस. त्या चिमटतात की नाही, ते पाय बघून सांग.

आणि पॅन्ट उसवून तो होती तिथेच शिवतो, की आत घेतो? आत घेत असेल तर किती, ते इंचात लिही.

काचताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझा सूर आवडला नाही. पण आकडे मागणाऱ्याला मी कधी रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही.

नळ प्रोटीनचा. एक डिसेंबरपासून बंद. अंडी, दूध, दही, मासे, मटण, कडधान्यं, दाणे, सगळं बंद. वाचनालयातून आहाराची दोन पुस्तकं आणली, तक्ते पाठ केले, दोन पुस्तकांत जिथे मेळ नव्हता तिथे कमी आकडा धरला. तराजू त्यासाठी. भात, बटाटा, फळं, साखर, लोणी. दिवसाला बारा ग्रॅमच्या वर प्रोटीन मी दादाच्या ताटात जाऊ दिलेलं नाही. मीही तेच खातो. माझं निदान पोट तरी आत जाईल असं वाटलं होतं, पण ते काही गेलं नाही; मी पंपवाल्यांबरोबर बाहेर चहा-बिस्किटं खातो, ती तक्त्यात धरलेली नाहीत.

अंडं बंद करताना हात अडखळला, हे लिहून टाकतो. तुला आठवत असेल, दादा दुकानातल्या प्रत्येक कारागिराला दुपारी एक उकडलेलं अंडं द्यायचा, स्वतःच्या पदरचं. मी कारागीर नव्हतो. सोळाव्या वर्षी तो म्हणाला होता, दुकानात ये, शिकवतो. आणि मी म्हणालो होतो, मला कोणी शिकवायला नको. त्यामुळे नियमाने मला अंडं नाही. मग तो स्वतःचं अंडं काजाच्या दोऱ्याने मधोमध कापायचा. दोरा भोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढायची, बस. दोन्ही अर्ध्यांत पिवळा बलक सारखा. अर्धं माझ्यापुढे ठेवायचा. पण मी ठरवलं, भावनेपेक्षा उपचार मोठा.

पुढचे आकडे घ्यायला इथे पत्र ठेवून आत गेलो.

खड्डा राहतो. दहा मोजून सोडलं. नंतर वीस मोजले तरी होता. पाय सुजले आहेत. चपला चिमटतात.

पॅन्ट. कंबरेला मागच्या शिवणीत जुन्या सुईच्या भोकांच्या ओळी दिसतात, टाकीत पाणी उतरल्याच्या खुणा दिसतात तशा. पहिल्या वेळी आत घेतलं एक इंच. दुसऱ्या वेळी सव्वा. तिसऱ्या वेळी सव्वा. एकूण साडेतीन. तिन्ही पॅन्टना तेवढंच, सुताचाही फरक नाही.

चाळा एवढा नेमका कसा, म्हणून दादाला उभं करून त्यातली एक घातली. ताई, ती बरोबर बसली. दोन बोटांची मोकळीक, तो ठेवतो तशी. मी रोज सकाळी त्याच्यापुढे उभा राहून माप देतो, आणि त्याची कंबर अडीच महिन्यांत मी पाहिली नाही.

हे पत्र तुला खोटं पाडायला लिहायला घेतलं होतं. आता एवढंच विचारतो. टाकी साफ करताना पातळी खाली जातेच. कंबर गेली, पण आतून साफ होत असेल, तर चालू ठेवू की थांबू? लवकर लिही. फोन केलास तरी चालेल. पंप बंद ठेवतो.

पाना


२० फेब्रुवारी

प्रिय पाना,

पंप बंद ठेवतो म्हणाला होतास. काल फोनवर मागे पंपच धडधडत होता. मी "अंडं दे, अंडं दे" म्हणून ओरडत होते आणि तू विचारत होतास, "थंड? थंड काय देऊ?" आमच्या मजल्यावर आता सगळ्यांना माहीत झालं आहे की माझ्या भावाला अंडं द्यायचं आहे. तुला शेवटी कळलं का, याची खात्री नाही म्हणून लिहिते.

ते प्रोटीन ताटातून येत नाही. मेंदूच्या पेशी ते स्वतः बनवतात, दादाच्या, तुझ्या, माझ्याही. खाल्लेलं अंडं पोटातच सुटं सुटं होतं. अंडं म्हणून ते मेंदूपर्यंत कधी पोचत नाही. वर नळच नाही, पाना. तू जो बंद केलास तो स्वयंपाकघराचा होता.

नळाची गोष्ट तू तुझ्या धंद्यातून उचललीस. दादाच्या धंद्यातून उचलली असतीस तर जवळ पोचला असतास. प्रोटीन म्हणजे एक लांब पट्टी, तिची ठरलेली घडी पडली तर ती कामाची. घडी चुकली की ती चिकट होते, शेजारणीची घडीही चुकवते, आणि मग साचतात ते पुंजके. पहिली घडी का चुकते, हे पुरतं कोणालाच माहीत नाही. ज्यांना ते माहीत आहे असं वाटतं त्यांच्यापासून जरा लांब राहावं. आरशातला धरून.

आणि हे कडू लागलं तरी वाच. तुझ्या घरात दोघं जण मापं घेत होते. एकाकडे अर्ध्या ग्रॅमचा तराजू, दुसऱ्याकडे एक टेप आणि मेंदूत गुंता. बरोबर माप दुसऱ्याचं निघालं. चपला चिमटतात म्हणाला, तर त्या चिमटत होत्या. मी वाळतो आहे, हे त्याला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून त्याने ते शिवून सांगितलं. तीनदा.

हे पत्र मिळेल त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जा. तक्ता घेऊन जा, काही लपवू नकोस. आणि धसका घेऊन एकदम डझनभर अंडी चारू नकोस, त्या सांगतील तसं हळूहळू दे. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

खोली एकतीस मार्चपर्यंत आहे.

काचताई


९ मार्च

प्रिय काचताई,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी दादाला ताप होता. नेला तो तसाच ठेवून घेतला. छातीत कफ, आणि लढायला अंगात काही नाही, असं म्हणाले. अकरा दिवस. परवा घरी आणला.

डॉक्टरीणबाईंना तक्ता दाखवला. त्यांनी सगळी पानं उलटली, रकाने, बेरजा, लाल शाईच्या खुणा. मग म्हणाल्या, "इतका नेटका तक्ता माझ्या हाताखालच्या माणसांनी मला कधी दिला नाही." आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाने माझ्या कामाची तारीफ केली, आणि ती अशी. मग म्हणाल्या, "आता याच्या बरोबर उलट करायचं." सात किलो उतरलं आहे. आजाराने नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

दादा पडल्या पडल्या त्यांना म्हणाला, "बाई, तुमच्या कोटाचा डावा खांदा पाव इंच उतरलाय." त्यांनी कोट काढून पाहिला. उतरला होता.

दादा इस्पितळात असताना घर आवरलं, तेव्हा ढालीचं गुपित कळलं. चारही स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या. म्हणजे दादा रोज ढाल काढायचा, काम करायचा, आणि उठताना परत लावून ठेवायचा. ढालीसकट कंबरेची जाड शिवण चार मिलिमीटरातून जाईलच कशी, हे मला आधी सुचायला हवं होतं. ती परत का लावायचा, हे कळायला मला जरा बसावं लागलं. मला वाईट वाटू नये म्हणून, दुसरं काय? मी कोण हे त्याला रोज आठवत नाही. पण ढाल बनवणाऱ्याला तिचा अभिमान आहे, एवढं त्याला दिसत असावं.

तर आता दुसरी यादी, तीही याच हातांनी झालेली. सात किलो. दोन सुजलेले पाय. अकरा दिवस सलाईन. शंभर डिग्रीवाल्यांना जे जमलं नसतं ते मी पाकिटामागच्या एका वाक्यावर करून दाखवलं. ज्याने मला अर्धं अंडं दिलं त्याचं अख्खं मी काढून घेतलं, आणि वर त्याची बेरीज लाल शाईने केली.

ती खोली घे. कागद पाठव, सही करून लगेच परत करतो. पूर्वेची खिडकी त्याला आवडेल, सुईत दोरा ओवायला सकाळचं ऊन लागतं. मी या कामाला नालायक आहे, आणि या वेळी हे पुस्तकातून शोधून काढलेलं नाही.

पाना


१८ मार्च

प्रिय पाना,

कागद सोबत आहे. माझ्या बाजूची सही केली आहे, तुझी बाकी. मी तुला ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. दादा तिथे गेला म्हणून तू त्याला टाकलंस असं होणार नाही, हेही लिहून ठेवते. एक दिवस कदाचित ते लागेलही.

पण मी तुला बरंच बोलले आहे, तेव्हा माझंही एक ऐक. तुझी मावशी, माझी आई, शेवटची चार वर्षं भाजीत दोनदा मीठ घालायची. मी दिवसभर काचेवर तेच ठिपके बघायचे, आणि घरी येऊन तिला म्हणायचे, "लक्ष कुठे असतं तुझं?" चार वर्षं ओरडले मी तिच्यावर. ती गेल्यावर कोणीतरी सहज विचारलं, शेवटी विसरायच्या का हो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते ठिपके ओळखायचं काम मी चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली शिकले आहे, पाना, नोकरीत मला त्याचं बक्षीसही मिळालं आहे. म्हणून नालायकपणाचं प्रमाणपत्र वाटायचं असेल तर रांग इथपर्यंत आहे.

सही करायच्या आधी एक काम कर. सुट्टीत आम्ही मुली दुकानातल्या टाचण्या वेचायचो, तेव्हा दादाने सांगितलेलं माझ्या लक्षात आहे. कपडा आत घेताना शिंपी दोनपैकी एक करतो. माणूस परत भरणार नाही असं वाटलं तर जादा कापड कापून टाकतो, शिवण सुबक बसते. भरेल असं वाटलं तर ते कापड न कापता आतच ठेवतो, माया म्हणून.

पॅन्ट उलटी करून बघ. मग जे ठरवशील ते ठरव.

काचताई


१४ एप्रिल

प्रिय काचताई,

बघितली. तिन्ही उलट्या करून बघितल्या, पट्टी लावून मोजल्या. एक सूतभरही कापड त्याने कापलेलं नाही. मूळची माया होती ती तशीच, आणि आत घेतलेली साडेतीन इंच, दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन, सगळी माया आत. कडांना हातशिलाईही घातली आहे, दोरे सुटू नयेत म्हणून. मी त्याचा नळ बंद करत होतो तेव्हा तो, मी कधीतरी उघडीन या हिशोबाने शिवत होता. किंवा तसा काही हिशोब नसेल, नुसती हाताची सवय असेल. मी आता कुठल्याही गोष्टीचं कारण ठामपणे सांगत नाही. पंपांच्या बाबतीतसुद्धा गिऱ्हाइकांना "बघून सांगतो" म्हणतो. दोघं घाबरून दुसऱ्या मेकॅनिककडे गेले.

कागद सही न करता परत पाठवतो आहे. ती खोली एव्हाना गेली असेल, पण कागद फाडलेला नाही, पुढच्या खोलीसाठी नीट घडी घालून ठेव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार पुढे जाणार, तो अंड्याने थांबत नाही. कागद लागेल तेव्हा तू सांग. माझ्या सांगण्याची वाट बघू नकोस, कारण मला उशिरा दिसतं. तोवर इथे. शेजारची एक निवृत्त परिचारिका आठवड्यातून दोनदा येते, पाय दाबून बघते, वजन करते, आणि मला तक्ता भरू देत नाही. शेगडीचं टोपण आहे. घंटा आहे. ढाल काढून टाकली. तराजू तिने नेला, तिला पत्रांची वजनं करायला हवा होता.

चार किलो वजन परत भरलं. परवा दादाने तिन्ही पॅन्ट बाहेर काढल्या आणि कंबर सव्वा इंचाने सैल केली. मी शेजारी बसून उसवलेले दोरे वेचत होतो.

आता कालचं. दुपारी मी दोन अंडी उकडली. एक त्याच्यापुढे ठेवलं, एक माझ्यापुढे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिळावरचा दोरा तोडला, स्वतःच्या अंड्याभोवती गुंडाळला आणि ओढला. बरोबर मधोमध. अर्धं माझ्या ताटात सरकवलं. माझ्या ताटात एक अख्खं आहे, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. मी माझं अख्खं त्याच्या ताटात ठेवलं.

जेवण झाल्यावर मी त्याच्या मशीनच्या पट्ट्याला टाका घालत होतो. तो मागे उभा राहून बघत होता.

"हात बरा आहे तुमचा," म्हणाला. "कुठे शिकलात?"

"कुठेच नाही, मालक. माझा मीच."

"दिसतंच आहे," दादा म्हणाला.

ताई, पंचेचाळीस वर्षांत माझ्या सगळ्या कामाचं एवढं थोडक्यात आणि एवढं अचूक माप कोणी घेतलं नव्हतं.

मग माझ्या हातातून सुई काढून घेतली, टाका उसवला, आणि म्हणाला, "उद्यापासून दुकानात या. मी शिकवतो. पगार देईन."

सोळाव्या वर्षी याच वाक्याला मी नाही म्हणालो होतो. म्हणून या वेळी अर्ध्यालाच नाही म्हणालो. "शिकायला येतो," म्हटलं, "पगार नको. मी घरचाच आहे."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, घरचा माणूस ओळखतात तसं नाही, गिऱ्हाइकाला पाहतात तसं. मग टेप गळ्यात टाकली आणि म्हणाला, आठ वाजता, उशीर चालणार नाही. आज आठला गेलो. सरळ शिवण शिकवली. माझी वाकडी आली, त्याने उसवली, पुन्हा घालायला लावली. उद्या पुन्हा सरळ शिवणच आहे.

तुला आकडे आवडतात, म्हणून काय नाकारलं ते लिहून ठेवतो. रोजचे बारा रुपये, आणि दुपारी एक अंडं, अख्खं.

तुझा,
पाना